सम कुठे पडते ते आधी बघा

कामशेतला आमचं घर पत्र्याचं आहे. जूनमध्ये पाऊस लागला की तो सप्टेंबरपर्यंत पत्र्यावर वाजत राहतो, आणि त्या आवाजात माइक उघडायची सोय राहत नाही. आमच्या भजनी मंडळाच्या अभंगांचं ध्वनिमुद्रण मी घरीच करतो. वर्षातले चार महिने हात बांधून बसणं जमेना, म्हणून 14 वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात सीक्वेन्सर सॉफ्टवेअर शिकायला घेतलं.

सीक्वेन्सर मुळात हुकूम साठवतो: कोणता सूर, कधी, किती जोरात, किती वेळ. संगणकातली वाद्यं ते हुकूम ऐकून वाजतात. पावसाळ्यात ठेका, पेटी, टाळ असे बसवून ठेवायचे, मंडळींनी त्यावर तालीम करायची आणि उघडीप मिळाली की गळा भरायचा, असा आमचा शिरस्ता पडला.

तेव्हापासून नऊ-दहा सॉफ्टवेअर वापरून पाहिली. काही विकतची, काही मोफत, काही बाजारात येण्याआधी चाचणीसाठी मिळालेली. बनवणाऱ्यांना पत्रंही पुष्कळ लिहिली. यातली बहुतेक सॉफ्टवेअर दुसऱ्यांच्या संगीतासाठी घडली आहेत. ती आपल्या उपयोगाची व्हायची तर काय अडतं ते आपणच सांगायला हवं, आणि नेमकं सांगायचं तर आधी नेमकं ऐकायला हवं. या कामात जे हाती लागलं ते इथे मांडतो.

1. परीक्षा आपल्या गाण्यावर घ्या

सॉफ्टवेअरसोबत नमुन्याचं गाणं येतं. ते झकास वाजतं, कारण त्या सॉफ्टवेअरच्या जमेच्या बाजू दाखवायलाच ते बसवलेलं असतं. तेवढं ऐकून मी दोनदा पैसे घातले आणि दोन्ही वेळा पस्तावलो. आता माझे चार तुकडे ठरलेले आहेत. पहिला भजनी ठेक्यातला अभंग, संथ सुरू होऊन गजरापर्यंत चढणारा. दुसरा रूपकातला. तिसरा विलंबित एकतालाची दोन आवर्तनं. चौथी जात्यावरची ओवी, जिला मात्रांचं माप लागत नाही.

नवं सॉफ्टवेअर आलं की हेच चार तुकडे याच क्रमाने बसवतो आणि वहीत लिहितो: काय जमलं, किती वेळ लागला, कुठे अडलं. परीक्षा तीच राहिली तरच तुलना खरी होते. दोन आठवडे देतो. पहिले दोन दिवस नव्याच्या कौतुकाचे असतात, त्या दिवसांतलं मत धरत नाही.

2. सम जोरातच येते असं नाही

रूपक सात मात्रांचा, तीन-दोन-दोन. ती ती ना, धी ना, धी ना. त्याचं वेगळेपण असं की समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, खाली आहे. डग्ग्याचा घुमारा पहिल्या मात्रेला नसतो, तो चौथ्या आणि सहाव्या मात्रेला येतो. गाणारा त्या मोकळ्या जागी मुखडा घेऊन अलगद उतरतो.

सॉफ्टवेअरमध्ये सात मात्रांचं माप लावलं, तर मेट्रोनोम पहिल्या मात्रेला ठणकन वाजला आणि उरलेल्या सहा मात्रा एकसारख्या टकटकल्या. आमच्या मंडळातल्या एका गायिकेला मी त्यावर गायला लावलं. तिसऱ्या आवर्तनात ती थांबली आणि म्हणाली, "दादा, हा मला ढकलतोय." जिथे टेकायचं तिथेच तिला धक्का बसत होता. विभागही पडद्यावर कुठे दिसत नव्हते, सात सारखी घरं तेवढी. झपतालाची तीच गत. दोन-तीन-दोन-तीन हे त्याचं अंग, आणि पडद्यावर सलग दहा रेघा.

विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांच्या स्वरलिपीत समेला फुली, खालीला शून्य आणि टाळ्यांना आकडे आहेत. ताल कसा चालतो ते एका ओळीत कळतं. तेवढीच माहिती पडद्यावर दिसावी आणि मेट्रोनोमच्या प्रत्येक मात्रेचा जोर वेगळा ठरवता यावा, ही माझी सर्वांत जुनी मागणी.

3. लय दोन्ही टोकांना ताणून बघा

विलंबित एकतालात एक मात्रा पाच सेकंदांची धरली तर मिनिटाला 12 मात्रा होतात आणि बारा मात्रांचं आवर्तन मिनिटभर चालतं. मी तपासलेल्या एका सॉफ्टवेअरची लय 20 च्या खाली उतरतच नव्हती. वाट काढता येते: एका मात्रेचे चार भाग करून 48 ची लय लावायची. पण मग पडद्यावर 12 च्या जागी 48 घरं येतात आणि सम हुडकत बसावं लागतं.

भजनाची अडचण वेगळी. संथ लयीत सुरू झालेला अभंग गजराला पोचेपर्यंत दुपटीच्या वर जातो. सॉफ्टवेअर या दोन टोकांमध्ये एक सरळ चढ काढून देतं. तो ऐकला की कोणीतरी मागून घाई करतंय असं वाटतं. खरं भजन कसं चढतं ते पाहावं म्हणून मी सप्ताहातलं एक ध्वनिमुद्रण घेतलं आणि दर समेला खूण करत गेलो. रेघ जिन्यासारखी निघाली. बुवा चरण गातात तेव्हा लय जागेवर असते. टाळकरी ध्रुपद उचलतात तेव्हा ती एक पायरी चढते आणि तिथेच ठरते. पुढच्या ध्रुपदाला पुन्हा एक पायरी. तेव्हापासून मी प्रत्येक सॉफ्टवेअरला विचारतो: ध्वनिमुद्रण ऐकताना समेसमेला कळ दाबून लयीचा नकाशा काढता येतो का, आणि तो नकाशा ठेक्याला लावता येतो का?

4. रेघा पुसता आल्या पाहिजेत

आमच्या शेजारच्या मुळशी तालुक्यातल्या बायकांकडून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली आणि पुढे महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आज त्यांतल्या पुष्कळ पारी या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहात सर्वांना ऐकता येतात. त्या ऐकताना लक्षात येतं की ओळ किती लांबायची ते बाईचा श्वास ठरवतो, आणि दळण जड की हलकं यावर तो श्वास ठरतो.

अशा ओवीखाली नुसता तानपुरा धरायचा आणि दोन ओव्यांच्या मध्ये पेटीचा एक सूर सोडायचा, एवढंच माझं काम होतं. एका सॉफ्टवेअरमध्ये तो सूर ठेवायला गेलो की तो सरकून जवळच्या मात्रेच्या रेघेला चिकटायचा. जिथे मात्राच नाही तिथे रेघ कशाला? मात्रांच्या रेघा मिटवून फक्त मिनिट-सेकंदांवर काम करता येतं का, हे ओवी लगेच दाखवून देते. ज्यात ते जमत नाही, त्यात आलापही नीट बसत नाही.

5. वहीतला दोष कानालाही लागतो का, ते पडताळा

कळ दाबल्यापासून आवाज येईपर्यंत थोडा वेळ जातो. सेकंदाला 44,100 नमुने आणि बफर 1024 नमुन्यांचा असेल तर नुसत्या बफरचे 23 मिलिसेकंद होतात. तेवढ्या वेळात आवाज हवेतून सुमारे आठ मीटर जातो. म्हणजे पखवाज मांडीवर आहे, पण ऐकू येतोय सभामंडपाच्या पलीकडच्या टोकाकडून. अशाने वाजवणाऱ्याचा हात जड होतो. बफर 256 वर आणला की अंतर दोन मीटरवर येतं. दोन मीटरवरच्या माणसाशी आपण भजनात रोजच जुळवून घेतो, म्हणून तेवढं चालतं. हा दोष खरा, आणि मोजण्यासारखा.

दुसरा आकडा मात्र मला फसवून गेला. पुष्कळ सॉफ्टवेअर एका मात्रेचे 480 सूक्ष्म भाग करतात. त्यांना तीनने, पाचने भाग जातो, सातने जात नाही. एका मात्रेत सात बोल बसवायचे तर प्रत्येकाला 68 आणि वर थोडा अपूर्णांक येतो. मी लगेच पत्र लिहिलं की भाग 840 करा, त्याला सातनेही भाग जातो. मग धाकट्या भावाला म्हटलं, दोन्ही तऱ्हेने बसवलेला तुकडा न सांगता मला ऐकव. मला फरक ओळखता आला नाही. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत त्या सूक्ष्म भागाची लांबी साधारण एक मिलिसेकंद असते, आणि पूर्णांक करताना होणारी चूक त्याहूनही कमी. मी पत्र मागे घेतलं. सुधारणा करणाऱ्यांचा वेळ थोडा असतो. तो कानाला लागणाऱ्या दोषांवर खर्च व्हावा.

6. वीस टाळ म्हणजे एक टाळ वीस वेळा नव्हे

आमच्या मंडळात वीस टाळकरी उभे राहतात. त्यांचा टाळ ऐकायला एक वाटतो, पण जवळ जाऊन ऐकलं की प्रत्येकाचा टोला केसभर पुढेमागे पडत असतो. कोणाच्या टाळाचा नाद लांब, कोणाचा आखूड, आणि हाताचा जोरही प्रत्येकाचा निराळा. त्या पुढेमागे पडण्यातून टाळाला भरीवपणा येतो.

मी पहिल्यांदा टाळाचा एकच नमुना घेतला, वीस वेळा चिकटवला आणि सगळे टोले मात्रेवर तंतोतंत बसवून घेतले. ऐकू आला तो एकच टाळ, कर्कश आणि मोठा. मग चार वेगळ्या टाळांचे नमुने घेतले, प्रत्येकाला काही मिलिसेकंद इकडेतिकडे सरकवलं, जोर बदलला. तेव्हा कुठे मंडळ उभं राहिलं. सूर मात्रेवर सरळ करण्याची सोय सगळीकडे असते. ती शंभर टक्क्यांऐवजी चाळीस-पन्नास टक्के लावता येते का, आणि विस्कटण्याची सोयही आहे का, ते बघा.

जोराबद्दलही एक सांगतो. 1983 मध्ये आलेल्या मिडीच्या नियमांत प्रत्येक सुराला जोराच्या 127 पायऱ्या आहेत. टाळाला त्या पुरतात, पखवाजाला पुरत नाहीत. 'ता' आणि 'दिं' यांतला फरक हात पुडीवर कुठे आणि कसा पडला याचा असतो. म्हणून प्रत्येक बोलाचा वेगळा नमुना लागतो आणि कळीवर त्या बोलाचं नाव लिहिता यावं लागतं. ते येत नसेल तर पखवाजी माणूस त्या पडद्यापुढे दोन मिनिटंही बसत नाही.

7. विठ्ठल लिहून बघा

गाण्याच्या शब्दांची पट्टी उघडायची आणि 'विठ्ठल' लिहायचं. ठ्ठ नीट जुळतो का? एका सॉफ्टवेअरमध्ये ठच्या खाली सुटा हलंत दिसायचा. दुसऱ्यात पडद्यावर बरोबर आणि छापताना चौकोन. तिसऱ्यात शब्द ठीक होते, पण फाइलला देवनागरी नाव दिलं की ती पुन्हा उघडेना. हे तपासायला पाच मिनिटं लागतात, आणि त्या पाच मिनिटांत कळतं की बनवणाऱ्यांनी आपल्या भाषेचा माणूस कधी समोर धरला होता का.

पट्टीचं तसंच. आमच्याकडे कोणी सी शार्प म्हणत नाही, काळी एक म्हणतात. बुवांचा गळा काळी एकचा, बाईंचा काळी पाचचा. अभंग एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत नेताना पेटीचे सूर हलले पाहिजेत आणि ठेक्याचे बोल जागेवर राहिले पाहिजेत. बोलही सुरांसारखे सरकले तर 'धा'च्या जागी भलताच बोल वाजतो. पखवाजाची शाई वेगळ्याने त्या सुराला लावावी लागते. खरा पखवाजी गठ्ठे ठोकून ते करतो आणि धुमाला कणीक लावून घुमारा राखतो. सॉफ्टवेअरमध्ये तीच दोन कामं, पुडी चढवणं आणि धुमाचा घुमारा राखणं, वेगवेगळी करता आली पाहिजेत.

8. वीज घालवून बघा

लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घाटमाथ्याचा वारा सुटला की आमच्या बाजूलाही दिवे जातात. एका आषाढात माझी तीन तासांची बैठक अशीच गेली, कारण आपोआप जतन करण्याची सोय बंद होती आणि मी ती पाहिली नव्हती. आता नव्या सॉफ्टवेअरमध्ये नकली काम उघडतो, थोडं बसवतो आणि मुद्दाम वीज बंद करतो. परत आल्यावर किती मिनिटांचं काम हाती लागतं, हा वहीतला पहिला आकडा.

9. निवाडा जाणत्या कानाचा

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जिम किपेन हे अभ्यासक लखनौला उस्ताद अफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. बर्नार बेल यांनी त्या कामासाठी 'बोल प्रोसेसर' हे सॉफ्टवेअर लिहिलं. तबल्यातल्या 'कायदा' या रचनाप्रकाराचे नियम संगणकात घालायचे, संगणकाने त्यांवरून नवे पलटे रचायचे आणि उस्तादांनी सांगायचं, हा चालेल, हा नाही. नकार आला की नियम दुरुस्त करायचे. पुढे बेल राईरकर-पॉइतवाँ यांच्या ओव्यांच्या कामातही सामील झाले. बोल प्रोसेसर आजही मुक्त स्रोत म्हणून उपलब्ध आहे.

ही रीत मला फार मोलाची वाटते. यंत्र बनवणाऱ्याने निवाडा स्वतःकडे ठेवला नाही, ज्याच्या हातात ती विद्या होती त्याच्याकडे दिला. आमच्या मंडळात पखवाज आणि तबला दोन्हींवर हात असलेले एक अण्णा आहेत, वय सत्तरीच्या पुढे. संगणकाला ते हात लावत नाहीत. मी त्यांना पडद्याकडे पाठ करून बसवतो आणि तुकडा लावतो. पडदा समोर असला की मीसुद्धा सरकती रेघ बघून सम आली असं मानतो. अण्णांना रेघ दिसत नाही. त्यांची बोटं मांडीवर चालू असतात. ती थांबली की मी तिथे खूण करतो आणि मगच विचारतो, "अण्णा, काय झालं?" उत्तर कधी मिळतं, कधी ते नुसता बोल म्हणून दाखवतात. माझ्या वहीतल्या कामाच्या सूचना बहुतेक त्या थांबलेल्या बोटांमधून आल्या आहेत.

10. उपाय सांगण्याआधी प्रसंग सांगा

माझं पहिलं पत्र एका वाक्याचं होतं: भारतीय तालांची सोय करावी. उत्तर आलं, सात मात्रांचं माप आहेच. मी जे लिहिलं होतं त्याला ते उत्तर बरोबर होतं. त्यानंतर पत्र लिहायची रीत बदलली.

आधी पुस्तिका शेवटपर्यंत वाचतो, कारण माझ्या तीन मागण्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासूनच निघाल्या. दोष आणि मागणी वेगळ्या पत्रांत, आणि एका पत्रात एकच गोष्ट. दोष असेल तर आवृत्ती, संगणक, कोणत्या पायऱ्यांनी तो पुन्हा दिसतो, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, आणि सोबत होईल तितकी छोटी फाइल. मागणी असेल तर कोण, काय करताना, कुठे अडलं. हायड्रोजन, एलएमएमएस, आर्डर यांसारख्या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या दोषांच्या याद्या सर्वांना खुल्या असतात. तिथे आधी शोधायचं, कोणी तेच लिहिलं असेल तर त्याच्याखाली आपला प्रसंग जोडायचा.

रूपकाचं दुसरं पत्र मी असं लिहिलं: सोबत वीस सेकंदांचे दोन तुकडे आहेत. पहिल्यात गायिका तबल्यावर गाते, दुसऱ्यात तीच ओळ तुमच्या मेट्रोनोमवर. दुसऱ्यात ती समेला अडखळते, कारण आमच्या या तालात पहिली मात्रा हलकी असते. पुढे एक वाक्य जोडलं: बल्गेरियातल्या लोकनृत्यांतही सात मात्रांचे दोन-दोन-तीन किंवा तीन-दोन-दोन असे भाग पडतात, त्या वादकांनाही प्रत्येक मात्रेचा जोर ठरवता आला तर हवं असेल. आपली अडचण आणखी कोणाची आहे ते शोधलं की मागणी मोठी होते आणि बनवणाऱ्यालाही ती उचलावीशी वाटते.

अकरा महिन्यांनी, ऐन श्रावणात, नवी आवृत्ती आली. बदलांच्या यादीत खाली एक ओळ होती: मेट्रोनोमच्या प्रत्येक मात्रेचा जोर आता बदलता येईल. रूपकाचं नाव त्यात नव्हतं, असण्याची गरजही नव्हती. मी पहिली मात्रा हलकी केली, चौथी आणि सहावी भरली आणि गायिकेला बोलावलं. पत्र्यावर पाऊस चालू होता, तिने कानाला हेडफोन लावला आणि तीन आवर्तनं ओलांडून चरण पुरा केला.

संध्याकाळी अण्णांना ऐकवलं. बोटं शेवटपर्यंत चालली. मग ते म्हणाले, "खाली बरोबर आली. पण सहावी मात्रा चौथीएवढीच भरलीस. ती जरा निवू दे, म्हणजे गाणाऱ्याला पुढची सम दिसते." मी सहावीचा जोर दोन पायऱ्या उतरवला, पुन्हा लावलं आणि वहीत नवीन पान उघडलं.